ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना मुंबईला यायचंय? आधी एपी, मग तिकीट

अमेरिकेत राहून ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरलाय, कार्ड अजून आलेलं नाही, आणि इकडे दादरला बहिणीचं लग्न ठरलंय किंवा ठाण्यात वडिलांना ॲडमिट केलंय. अशा वेळी तिकिटाचे भाव बघण्याआधी एक गोष्ट ठरवायची: परत जाताना तिथल्या अधिकाऱ्यापुढे कुठला कागद ठेवणार? हे निघण्यापूर्वीच ठरलेलं हवं, कारण तो कागद मुंबईत बसून मिळवता येत नाही.

नियम असा आहे. आय-४८५ प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत आत येण्याची आगाऊ परवानगी, सगळे जिला नुसतं 'एपी' म्हणतात ती, हातात न घेता अमेरिकेबाहेर पडलात, तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, धरतं. त्यात ताकीद वगैरे काही नसते. अर्ज संपतो, आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाच्या आय-४८५ची फी १,४४० डॉलर आहे, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ही चूक चांगलीच महागात पडते. पण खरं नुकसान पैशाचं नाही. ज्यांची तारीख करंट असताना, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर आलेला असताना, अर्ज गेला आणि नंतर तारीख मागे सरकली, त्यांना नवा अर्ज भरायला पुन्हा तारीख येईपर्यंत थांबावं लागतं. भारतीयांच्या नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या ईबी-२, ईबी-३ रांगा किती लांब आहेत हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३च्या अर्ज भरण्याच्या तारखा एकदम १ जानेवारी २०१५पर्यंत आल्या तेव्हा ज्यांनी घाईघाईने अर्ज भरले, त्यांच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं ईएडी (काम करण्याचं परवाना कार्ड) आणि एपी नव्याने काढत बसले ते याच कारणाने.

या नियमाला अपवाद मोजकेच आहेत. एच-१बी आणि एल-१वर काम करणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले एच-४, एल-२ हे एपी न घेताही जाऊन येऊ शकतात, काही अटींवर. के-३ आणि व्ही व्हिसालाही सवलत आहे, पण ते क्वचितच दिसतात. बाकी सगळ्यांना एपी लागतोच. एफ-१वर शिकताना अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेली मुलगी असो, के-१ या वाग्दत्त व्हिसावर येऊन लग्न झालेली असो, ओ-१वरचा संशोधक असो, की बी-२ या पर्यटक व्हिसावर मुलाकडे गेलेले आई-बाबा असोत.

एच-१बी किंवा एल-१ असेल तर

अटी तीन आहेत. अमेरिकेत परतताना त्या दर्जाची पात्रता टिकलेली हवी, त्याच कंपनीत कामावर परतायचं हवं, आणि पासपोर्टवर त्या प्रकारचा वैध व्हिसा हवा. व्हिसावर जुन्या कंपनीचं नाव असलं आणि मधे एच-१बी ट्रान्सफर झालेली असली, तरी व्हिसाची मुदत असेपर्यंत तो चालतो. फक्त नव्या कंपनीच्या आय-७९७ मंजुरीची प्रत सोबत ठेवायची.

खरी गोची तिसऱ्या अटीत आहे. आय-७९७वरची मुदत आणि पासपोर्टवरचा व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने एक्स्टेन्शन करून घेतलेलं असतं, माणूस अमेरिकेत पूर्णपणे कायदेशीर असतो, पण पासपोर्टवरचा शिक्का केव्हाच संपलेला असतो. असा माणूस मुंबईला आला की त्याला बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात स्टँपिंग करूनच परत जाता येतं, नाहीतर एपीवर.

आणि स्टँपिंग आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय कागद देऊन व्हिसा मिळवण्याची, सोय एच-१बीला उरलेली नाही, मुलाखतीला स्वतः जावं लागतं. त्याच सप्टेंबरात व्हिसा आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहण्याच्या देशातच मागावा अशी सूचना आली, त्यामुळे तिसऱ्या देशात जाऊन शिक्का मारून घेण्याची जुनी पळवाट जवळपास बंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४च्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली. खाती पब्लिक ठेवायला सांगतात. या बदलापायी भारतातल्या हातात असलेल्या अपॉइंटमेंट काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेले लोक इथेच अडकले. २२१(जी)ची, म्हणजे आणखी कागद किंवा तपासणी बाकी असल्याची, चिठ्ठी मिळाली तर पुढे किती दिवस जातील ते कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून एच-१बी असूनही, आणि वैध व्हिसा असूनही, एपी काढून ठेवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं दोन. स्टँपिंग लटकलं तर पासपोर्ट परत मागून एपीवर परतता येतं. आणि दुसरं, ज्याचा विचार फारसा कुणी करत नाही: तुम्ही मुंबईत असताना तिकडे नोकरी गेली तर? नोकरीच नाही तर एच-१बी व्हिसावर आत जाता येत नाही, पासपोर्टवर तो कितीही ताजा असो. नोकरी गेल्यावर जी ६० दिवसांची सवलत मिळते ती अमेरिकेत असलेल्यांसाठी आहे. एपी मात्र नोकरीवर नाही, प्रलंबित आय-४८५वर टिकून असतो. आय-४८५ भरून १८० दिवस झालेले असतील आणि आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी भरलेलं पिटिशन, मंजूर असेल, तर त्याच किंवा तत्सम कामाची नवी नोकरी शोधून अर्ज पुढे नेता येतो. पण त्यासाठी आधी आत तर जायला हवं.

एपीवर आत गेलं तर एच-१बी बुडतो, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. तुमची नोंद 'पॅरोली' अशी होते हे खरं, पण मंजूर एच-१बी पिटिशनची मुदत असेपर्यंत त्याच कंपनीत काम चालू ठेवता येतं, आणि पुढचं एक्स्टेन्शन मंजूर झालं की पुन्हा एच-१बी दर्जात येता येतं. एच-१बी खरोखर सुटतो तो ईएडी वापरून दुसऱ्या मालकाकडे कामाला लागल्यावर. मग आय-४८५ नाकारला गेला तर खाली आधाराला काही उरत नाही. नवरा-बायकोने शक्यतो एकच मार्ग धरावा. मुख्य अर्जदार एपीवर आणि जोडीदार एच-४वर आत शिरला तर एच-४ नेमका कशावर टिकून आहे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर वकिलाला द्यावं लागतं.

२०२५च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी पिटिशनवर लावलेल्या १,००,००० डॉलरच्या रकमेबद्दल फोनवर बरीच घबराट ऐकू येते. आधीच वैध व्हिसा आणि मंजूर पिटिशन असलेल्यांच्या येण्याजाण्याला ती लागू नाही.

एपी काढायचा कसा

फॉर्म आय-१३१. तो भरताना तुम्ही अमेरिकेत हजर असायला हवं. सगळ्यात चांगलं म्हणजे आय-४८५ आणि ईएडीच्या अर्जाबरोबरच तोही पाठवून द्यायचा, प्रवासाचा बेत असो वा नसो. गरज पडते तेव्हा हातात वेळ नसतो. आय-४८५ १ एप्रिल २०२४ला किंवा त्यानंतर भरला असेल तर एपीसाठी वेगळे ६३० डॉलर लागतात. त्याआधी पूर्ण फी भरून दिलेल्या जुन्या अर्जांना, ऑक्टोबर २०२०वाल्यांनाही, आय-१३१ फुकट आहे, नव्याने काढतानाही. हे ठाऊक नसल्याने कुणी उगाच पैसे भरतं, तर कुणी नव्या नियमातलं असून पैसे न भरता पाठवतं आणि आख्खं पाकीट परत येतं.

पाकीट परत येण्याची आणखी दोन ठरलेली कारणं. फॉर्मची जुनी आवृत्ती: प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते, ती यूएससीआयएसच्या पानावरच्या तारखेशी ताडून बघा, आणि सगळी पानं एकाच आवृत्तीची आहेत ना तेही. दुसरं कारण पैसे भरण्याची पद्धत. २८ ऑक्टोबर २०२५ पासून चेक आणि मनी ऑर्डर साधारणपणे घेत नाहीत. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून वळते करायला जी-१६५० फॉर्म जोडायचा. कार्डाची मर्यादा पुरेशी आहे ना आणि बँक हा व्यवहार अडवत तर नाही ना, हे आधी बघा. पैसे वळते झाले नाहीत तर अर्ज नाकारतात, पुन्हा प्रयत्न करत नाहीत.

सोबत आय-४८५च्या पावतीची, म्हणजे आय-७९७सीची प्रत, पासपोर्टसारख्या फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत, आणि प्रवास कशासाठी ते सांगणारा छोटा मजकूर जोडायचा. कारण फार रंगवून लिहायची गरज नसते. कौटुंबिक भेट, लग्न, आजारी पालक, एवढं पुरतं. घरातल्या प्रत्येक अर्जदाराचा आय-१३१ वेगळा, सहा वर्षांच्या मुलाचासुद्धा. तिकडेच जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक असतं, त्याला एपी लागत नाही, पण भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय लागतं. आई-बापाच्या कागदांच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

मंजुरी यायला काही महिने लागतात. या काळात आय-१३१ नुसता प्रलंबित असताना बाहेर पडलात तर तो सोडून दिल्याचं धरून नाकारतात, आणि एच किंवा एल नसेल तर आय-४८५ही त्याच्याबरोबर जातो. "मी निघतो, कागद आला की रूममेट कुरियर करेल" हा बेत इथेच फसतो. आधीचा वैध एपी हातात असेल किंवा वैध एच, एल व्हिसा असेल, तर नव्याने भरलेला आय-१३१ प्रलंबित असतानाही जाता येतं. २०१८ पासून यूएससीआयएसची भूमिका तशी आहे. म्हणून जुना संपायच्या बऱ्याच आधी नवा भरायचा. एपीला आपोआप मुदतवाढ मिळत नाही.

पूर्वी ईएडीवरच एपीची ओळ छापलेलं जोडकार्ड यायचं. आता बहुधा ईएडी कार्ड वेगळं आणि एपी वेगळा, आय-५१२एल नावाचा साधा कागद, तुमचा फोटो छापलेला. ईएडी कार्ड हातात आलं म्हणजे प्रवासाची परवानगी मिळाली असं समजू नका. कार्डावर एपीची ओळ छापलेली नसेल तर ते फक्त कामाचं कार्ड आहे. कागद आला की नाव, जन्मतारीख, ए-नंबर (यूएससीआयएसने दिलेला तुमचा क्रमांक) आणि मुदत अक्षरन् अक्षर वाचा. आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल मराठी नावांत सर्रास होते. लॅमिनेट करू नका, घडी पडू देऊ नका.

मुदतीबद्दल एक नियम पक्का: तुम्ही अमेरिकेच्या भूमीवर उतराल त्या दिवशी कागद वैध हवा. मुंबईहून निघताना वैध असून उपयोग नाही. परतीची तारीख मुदतीच्या निदान तीन आठवडे आधीची ठेवा. ज्वर, रद्द झालेलं विमान, वडिलांचं लांबलेलं ऑपरेशन, यातलं काहीही होऊ शकतं, आणि मुंबईतून ती मुदत वाढवून मिळत नाही.

घरून तातडीचा फोन आला तर

आई आयसीयूत आहे आणि एपी नाही. अशा वेळी यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला १-८००-३७५-५२८३ वर फोन करून जवळच्या फील्ड ऑफिसमध्ये इमर्जन्सी ॲडव्हान्स पॅरोलची अपॉइंटमेंट मागायची. साधारण १५ दिवसांच्या आत निघणं भाग असेल तर ही वाट आहे. आधी यंत्राशी बोलावं लागतं. 'इमर्जन्सी ट्रॅव्हल' एवढे दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणून माणसापर्यंत पोहोचायचं. जाताना भरलेला आय-१३१, फीची तजवीज, आय-४८५ची पावती, पासपोर्ट, २ बाय २ इंचाचे दोन फोटो, आणि आणीबाणीचा पुरावा न्यायचा.

हा पुरावा मुंबईतल्या नातेवाइकांनी कसा गोळा करायचा, यावर सगळं अवलंबून असतं. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेलं इंग्रजी पत्र हवं. त्यात रुग्णाचं पूर्ण नाव, ॲडमिट झाल्याची तारीख, निदान, प्रकृती किती गंभीर आहे, आणि मुलाची किंवा मुलीची उपस्थिती लवकर गरजेची आहे हे वाक्य हवं. नुसता डिस्चार्ज कार्डाचा किंवा औषधांच्या चिठ्ठीचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुरत नाही. रुग्णाशी नातं दाखवायला तुमचा जन्मदाखला. घरात मृत्यू झाला असेल तर महापालिकेचा दाखला मिळेपर्यंत काही दिवस जातात. तोवर हॉस्पिटलने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आणि स्मशानभूमीची पावती स्कॅन करून लगेच पाठवा. जो कागद मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने खाली लिहून सही करायची. नोटरीची सक्ती नाही. दोन्ही भाषा येणारा कुणीही हे करू शकतो. अर्जदाराने स्वतःच न करता मित्राकडून करून घेतलेलं बरं.

लग्न, मुंज, वास्तुशांत यांसाठी हा मार्ग चालत नाही. तिथे गोड बोलूनही उपयोग होत नाही.

मुलाकडे गेलेले आई-बाबा

मुलगा अमेरिकन नागरिक झाला, आई-बाबा बी-२ व्हिसावर गेले, आणि तिथेच आय-१३० (मुलाने आई-बाबांसाठी भरायचं पिटिशन) व आय-४८५ एकत्र भरला. असं अनेक मराठी घरांत घडतं, आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच होतो. आई-बाबांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असतो. तो बघून त्यांना वाटतं, नोव्हेंबरात जाऊ, पेन्शनचं काम उरकू आणि याच व्हिसावर परत येऊ. एपी न घेता निघाले की आय-४८५ गेला. वर बी-२वर परत आत शिरताना, कायम राहण्याचा अर्ज भरलेला माणूस पाहुणा म्हणून का येतोय, असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याला पटेल असं उत्तर नसतं.

बहुतेक वेळा मुळात यायची गरज असते का, हे आधी तपासा. पेन्शनचा हयातीचा दाखला जीवन प्रमाणच्या ॲपमधून मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, आणि ते जमलं नाही तर भारतीय वाणिज्य दूतावासाकडूनही दाखला मिळतो. सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार, फ्लॅटची विक्री, बँकेतली सही, यासाठी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र भावाच्या नावे पाठवायचं. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. हे राहिलं तर सब-रजिस्ट्रार ते मुखत्यारपत्र मान्य करत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून.

येणं अटळच असेल तर एपी हातात घेऊन या. आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीची, मुदत संपून मधे १८० दिवसांहून जास्त काळ गेलेला असेल, पूर्वी कधी अटक किंवा गुन्ह्याची नोंद असेल, इमिग्रेशन कोर्टात केस असेल किंवा डिपोर्टेशनचा जुना आदेश असेल, तर एपी मिळाला तरी वकिलाला विचारल्याशिवाय हलू नका. एपीवर गेल्याने बेकायदा राहण्यावरची दहा वर्षांची बंदी लागत नाही असा इमिग्रेशन अपील बोर्डाचा २०१२चा निकाल आहे, पण तो फक्त त्या एका बंदीपुरता आहे. एपीने बाकीचे अडथळे दूर होत नाहीत.

पासपोर्ट, आणि वाटेतला मुक्काम

पासपोर्टची मुदत मुंबईत असताना संपत असेल तर तो शक्यतो अमेरिकेतच नवा करून घ्या. मुंबईत तत्काळमध्ये होतो, पण पोलीस पडताळणी कुठल्या पत्त्यावर करायची इथे गाडं अडतं. जुन्या पासपोर्टवर वैध व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवायचे. जुना रद्द करताना कोपरा कापतात, तेव्हा व्हिसाच्या पानाला कात्री लागत नाही ना बघा.

तिकीट काढताना वाटेतला थांबा नीट निवडा. युरोपात किंवा लंडनला विमान बदलताना भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे बऱ्याचदा वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे की नाही यावर ठरत आलंय. एपी हा व्हिसा नव्हे, ग्रीन कार्डही नव्हे. म्हणून येताना सुखाने युरोपमार्गे आलेला माणूस जाताना त्याच मार्गावर अडू शकतो, कारण दरम्यान व्हिसा संपलेला असतो. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकिटाआधी त्या देशाच्या अधिकृत पानावर बघा. थेट विमान किंवा आखातातला, विमानतळाबाहेर न पडता होणारा थांबा, यात कटकट कमी. दोन वेगवेगळ्या पीएनआरची तिकिटं मात्र नकोतच: बॅग घ्यायला बाहेर यावं लागलं तर त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागतो.

टी-२वर चेक-इन

छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर या प्रवासाला चार तास आधी पोहोचा. एअरलाइनच्या काउंटरवरची मुलं-मुली व्हिसा आणि ग्रीन कार्ड रोज बघतात, आय-५१२एलचा कागद क्वचित. व्हिसा संपलाय एवढंच त्यांना दिसतं आणि बोर्डिंग पास अडतो. वाद घालू नका. शांतपणे ड्यूटी मॅनेजर किंवा कागदपत्रं तपासणाऱ्या सुपरवायझरला बोलवायला सांगा, आणि आय-५१२एल हा अमेरिकेच्या सीबीपीने (सीमा तपासणी खात्याने) एअरलाइन्ससाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत मान्य असलेला कागद आहे, असं सांगा. शंका असेल तर एअरलाइन सीबीपीच्या संपर्क गटाला फोन करून खात्री करू शकते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते चार तास.

हातातल्या बॅगेत, कधीही चेक-इन बॅगेत नाही, हे सगळं ठेवा:

- आय-५१२एल मूळ प्रत, शिवाय दोन झेरॉक्स
- आय-४८५ आणि आय-१४० किंवा आय-१३०च्या पावत्या, मंजुऱ्या
- ईएडी कार्ड, एच-१बी असेल तर आय-७९७, अलीकडच्या तीन पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र
- चालू आणि जुने सगळे पासपोर्ट
- वकिलाचा फोन नंबर कागदावर लिहिलेला

शेवटची ओळ विनोद नाही. तिकडे सेकंडरीत, म्हणजे विमानतळावरच्या पुढच्या चौकशीच्या खोलीत, फोन वापरू देत नाहीत.

तिकडे उतरल्यावर

एच-१बीचा वैध व्हिसा आणि एपी दोन्ही असतील तर अधिकाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की तुम्हाला कशावर प्रवेश हवाय. दोन्ही कागद एकदम पुढे सरकवले तर निवड तो करतो. एपीवर गेलात तर बहुधा सेकंडरी तपासणीला पाठवतात. घाबरायचं कारण नाही, पॅरोलची नोंद तिथेच होते. अर्ध्या तासात सुटका होते, कधी गर्दीच्या दिवशी तीन तासही जातात. पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे चार तास सोडा. आई-बाबा एकटे जात असतील तर व्हीलचेअर मागून घ्या. औषधं हाताशी ठेवा, आणि एका कागदावर इंग्रजीत लिहून द्या: कुणाकडे राहतात, मुलाचं नाव, पत्ता, फोन, कुठला अर्ज चालू आहे. एपी असला तरी आत घ्यायचं की नाही हा अंतिम निर्णय अधिकाऱ्याचाच असतो, म्हणून उत्तरं थोडक्यात आणि खरी.

२०२५च्या कायद्याने पॅरोलवर १,००० डॉलरची फी लावली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती वसूल होऊ लागली. मात्र पूर्वी रीतसर आत घेतलेल्या, आय-४८५ प्रलंबित असलेल्या आणि तात्पुरत्या प्रवासाहून परतणाऱ्यांना तिच्यातून सूट आहे. कुणी मागितलीच तर आय-४८५ची पावती दाखवून ही सूट सांगायची.

घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी सीबीपीच्या संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्या. एपीवर आलात तर तिथे 'डीए' (पॅरोलवर प्रवेशाची खूण) दिसायला हवं आणि पुढची तारीख, सहसा वर्षभराची. एच-१बीवर आलात तर एच-१बी आणि त्याची मुदत. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर आय-९४ तिथपर्यंतच कापलेला असतो, आणि हे न बघितल्यामुळे नंतर माणूस नकळत मुदतबाह्य होतो. चूक असेल तर जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त करून मिळते.

तुम्ही मुंबईत असताना मागे काय घडू शकतं

बायोमेट्रिक्सची किंवा मुलाखतीची नोटीस घरी येऊन पडते. गैरहजर राहिलात आणि काही कळवलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. आरएफईला, म्हणजे आणखी पुरावा मागणाऱ्या नोटिशीला, दिलेली मुदत वाढवून मिळत नाही. म्हणून पत्रं उघडून फोटो पाठवणारं विश्वासाचं माणूस हवं, यूएससीआयएसचं ऑनलाइन खातं रोज बघायला हवं, आणि बायोमेट्रिक्सची तारीख नेमलेल्या वेळेच्या आधी ऑनलाइन बदलून घ्यायला हवी. टपालखात्याची पत्ता वळवण्याची सोय यूएससीआयएसच्या कार्डांना लागू होत नाही, ती परत जातात.

बाहेर असताना आय-४८५ मंजूर झाला तर आनंदच, फक्त आता तुम्ही कायमचे रहिवासी आहात आणि परतताना ग्रीन कार्ड दाखवणं सगळ्यात सोपं. मुंबईला येणाऱ्या घरच्या माणसाकडून ते मागवून घ्या. नाकारला गेला तर एपी त्या क्षणी निरुपयोगी होतो, कागदावर मुदत कितीही शिल्लक असो. त्या वेळी वैध एच-१बी व्हिसा आणि टिकलेली नोकरी असेल तरच परतीची वाट उरते.

आणि एपी न घेताच मुंबईत येऊन बसला असाल तर? एच, एल नसेल तर आय-४८५ गेला, पण त्याखालचं मंजूर आय-१३० किंवा आय-१४० सहसा जिवंत असतं. ते आय-८२४ भरून नॅशनल व्हिसा सेंटरकडे वळवायला सांगायचं. आई-वडिलांच्या बाबतीत रांग नसते, त्यामुळे डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा अर्ज) भरून, फी देऊन, पोलीस क्लिअरन्स आणि मान्यताप्राप्त डॉक्टरकडची तपासणी करून बीकेसीत इमिग्रंट व्हिसाची मुलाखत देता येते. काही महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोपर्यंत जुन्या बी-२वर परत जायचा प्रयत्न करू नका: विमानतळावर नकार आणि व्हिसा रद्द, दोन्ही नोंदी पुढच्या मुलाखतीत समोर येतात.